एल्बाचं ग्वाकाला

माणूस किती घाण करतो हे ज्याला बघायचं असेल त्याने हॉटेलात जाऊ नये, हॉटेलच्या चादरी जिथे धुतात तिथे जावं. मी तिथे होते. ईस्ट टामाकीत, गोदामांच्या रांगेत, एका मोठ्या लाँड्रीत. हॉटेलं, मोटेलं, दवाखाने, म्हाताऱ्यांची होम्स, सगळ्यांचं मळकं कापड ट्रकने आमच्याकडे यायचं आणि पांढरंशुभ्र होऊन दुसऱ्या दाराने परत जायचं. ते दुसरं दार मी फार दिवस पाहिलंही नव्हतं. मी डर्टी साईडला होते. नावच ते. मधे भिंत, भिंतीत बसवलेली यंत्रं. इकडून घाण आत, तिकडून स्वच्छ बाहेर.

मला तिथे कुणी ढकललं नव्हतं. मुलगा मंदार आयटीत, सून अदिती फार्मसीत, घरात काही कमी नव्हतं. पण नवरा गेल्यावर मुलाने मला कराडहून इथे परदेशात आणलं, आणि त्या गालिचा घातलेल्या घरात मी दिवसभर बसून करणार काय? टीव्ही कळत नाही, शेजारी दिसत नाहीत. माझं शिक्षण चौथी, इंग्रजी शून्य. शून्य इंग्रजीवर जे काम मिळतं ते मिळालं. मंदारला लाज वाटली. वाटू दे म्हटलं.

तिथे मला एल्बा भेटली. चिली देशाची बाई. तो देश मंदारने मला नकाशावर दाखवला, पाठीवर सोडलेल्या वेणीसारखा लांबच लांब. एल्बा मात्र ठेंगणी, खांद्यात रुंद, केस आखूड कापून बिटाच्या रंगात रंगवलेले, साठीला आलेली. नाक मोठं. ते नाक ती सगळीकडे आधी पाठवायची आणि मग स्वतः जायची. पहिल्या दिवशी तिने मला हात दिला नाही की नाव विचारलं नाही. जवळ आली आणि माझं डोकं हुंगलं. मी खोबरेल लावलं होतं. ती ‘उफ’ म्हणाली आणि माझ्या हातात हातमोज्यांचे दोन जोड ठेवले. एकावर एक घाल, असं खुणेने सांगितलं. मला ती बाई अजिबात आवडली नाही.

काम असं होतं. डोक्यावरच्या रुळावरून पिशव्या लोंबकळत यायच्या आणि टेबलावर आदळायच्या. पहिल्या जागेवर एल्बा. ती गाठ सोडायची, नाक पुढे करायची आणि ओरडायची. मग आम्ही बाकीच्या, म्हणजे मी आणि टोंगा बेटांवरच्या दोघी बहिणी, हात घालायचो. चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, दवाखान्याचे गाऊन एकीकडे. यंत्रांचा आवाज इतका की कानांवर जाड मफ लावावे लागत. बोललेलं ऐकू यायचं नाही, ओरडलेलं यायचं. कशाला काय ओरडायचं ते एल्बाने ठरवून टाकलं होतं, आणि ते सगळं तिच्या स्पॅनिशमध्ये होतं, कारण ओरडताना तिला दुसरी भाषा येत नव्हती.

‘उफ’ म्हणजे नुसतं ओलं आहे, घाबरू नका. ‘पूचा’ म्हणजे कुणीतरी काहीतरी विसरलंय. चष्मा, कवळी, एकदा तर कानात घालायचं यंत्र. ‘के आस्को’ म्हणजे रक्त किंवा ओकारी, दुसरा मोजा चढवा. आणि ‘ग्वाकाला’ म्हणजे हात मागे. कुणी शिवायचं नाही, आहे तशी पिशवी लाल पिशवीत. त्यात काय असायचं ते मी इथे लिहीत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. ‘आय’ हा एकच शब्द कामाचा नव्हता. बोट चिमटलं, कोपर आपटलं की तो. तो मला शिकवावा लागला नाही.

अशी मी इंग्रजीच्या आधी स्पॅनिश शिकले. तेही फक्त किळस आली की काय म्हणायचं तेवढंच. घरी एकदा नातीने फ्रीजमधला जुना डबा उघडला आणि मी पलीकडून ‘ग्वाकाला’ म्हणाले. नात स्वरा मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. तिला हा शब्द फार आवडला. पुढे तिने तो माझ्या कारल्याच्या भाजीला वापरला. अदितीने मला विचारलं, आई, तुम्ही तिथे नक्की कसल्या लोकांत काम करता?

दवाखान्याच्या पिशव्यांचा एल्बाला राग नव्हता. त्यात काहीही निघो, ती ‘ग्वाकाला’ म्हणायची ते एस्टीचा कंडक्टर स्टॉपचं नाव घेतो तसं. आजारी माणसाने केलं ती घाण नाही, तो आजार, असं तिचं मत होतं. हॉटेलच्या पिशव्यांवर मात्र तिचा दात होता. धडधाकट माणसं टॉवेलने बूट पुसतात, उशीच्या अभ्र्याला लिपस्टिक पुसतात, पलंगावर बसून मटण खातात आणि हाडं चादरीत गुंडाळून ठेवतात. जितकं हॉटेल महाग, तितकी चादर वाईट. हे माझंही मत झालं, आणि अजून आहे. कुणी मला सांगायला लागलं की अमुक माणूस फार सुसंस्कृत आहे, तर मी मनात म्हणते, त्याची चादर दाखव. महागाच्या पिशवीला एल्बा ‘ग्वाकाला’ म्हणायची तेव्हा त्या शब्दाचे चार तुकडे करून थुंकल्यासारखं म्हणायची. ऐकून टोंगाच्या बहिणी हसायच्या. मी हसत नसे. मला खरोखर मळमळायचं.

तिचं हुंगणं टेबलापुरतं नव्हतं. जेवणाच्या खोलीत ती कप हुंगून चहा ओतायची. माझा डबा उघडला की नाक आधी तिचं. मेथीला ‘उफ’, शेपूला ‘के आस्को’, आणि लसणाच्या चटणीला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आवडली. चांगल्या गोष्टीसाठी तिच्याकडे शब्दच नव्हता, ती गप्प बसून खायची. मला पहिले कितीतरी दिवस त्या टेबलावरून उठल्यावर घास जात नसे. ती मात्र मोजे काढायची, कोपरापर्यंत साबण लावायची आणि बैलासारखी जेवायची. मी तिला एकदा मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुला किळस कशी येत नाही? ती म्हणाली, येते, म्हणून तर ओरडते. बाहेर काढली की संपली, तू आत ठेवतेस म्हणून तुला जेवण जात नाही. मला हे पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ओरडले, आणि दुपारी दोन पोळ्या खाल्ल्या.

एक शब्द मात्र ती हळू बोलायची. ‘ओहाला’. म्हणजे देव करो आणि तसं होवो. तो फक्त एकाच गोष्टीसाठी असायचा. एल्बाला घरी जायचं होतं.

तरुणपणी तिच्या देशात लष्कराने राज्य घेतलं. नवरा कारखान्याच्या युनियनमध्ये होता. तो जिवंत राहिला हेच नशीब. दोघं तान्ह्या मुलीला घेऊन इथे आली. घरी आई आणि मोठी बहीण इनेस राहिल्या. आधी परत जायची सोय नव्हती, मग नवऱ्याचं दुखणं, मग तो गेला, मग मुलीचं शिक्षण. मधे एकदाच गेली, आई गेली तेव्हा. घरभर माणसं, कुठेतरी सतरंजीवर अंग टाकलं आणि परत आली. तेव्हा इनेसने तिला सांगितलं होतं की म्हातारपणी तू इथेच ये, मागच्या दोन खोल्या तुझ्या. त्या दोन खोल्यांच्या भरवशावर एल्बा त्या टेबलापाशी उभी होती. काम सुटलं की तिकडे, मरायचं तिकडे, हे पक्कं. पिशव्या थांबल्या की ती म्हणायची, पुढच्या वर्षी, ओहाला. पुढचं वर्ष यायचं आणि जायचं. त्या शब्दाचा मला कंटाळा आला होता. मी तिला म्हणायचे, जायचं तर जा, नाहीतर गप्प बस. ती म्हणायची, शाकू, तुझं तोंड म्हणजे पिशवी क्रमांक चार. चार नंबरच्या पिशव्या एका कुप्रसिद्ध मोटेलच्या असायच्या.

मग निखिल आला. मॅनेजर म्हणून, पुण्याचा, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. त्याला बाहेरच्या पाहुण्यांना लाँड्री दाखवायची असे. पाहुणे काचेमागून बघायचे आणि आत एल्बा किंचाळायची. तो माझ्याकडे आला.

“काकू, तुम्ही जरा सांगा ना तिला. बरं दिसत नाही हो.”

“तू सांग. तू मॅनेजर.”

“माझं ऐकत नाही ती.”

“मग माझं ऐकेल असं तुला का वाटलं?”

“तुम्ही दोघी एकसारख्या आहात म्हणून,” असं म्हणून तो स्वतःच घाबरला.

त्याने टेबलाजवळ दिव्यांची बटणं बसवून घेतली. पिवळं दाबलं की सावध, लाल दाबलं की थांबा. कुणी ओरडायचं नाही. एल्बाने मान डोलवली आणि भरल्या मोज्याने पिवळं दाबलं, भरल्या मोज्याने लाल दाबलं. तासाभरात त्या बटणांकडे बघवेना. निखिल म्हणाला, असं नाही, मी दाखवतो. त्याने मोजे घातले, एक पिशवी पुढे ओढली, गाठ सोडली. पिशवी चार नंबरची होती. तो एकदम ‘शी’ म्हणाला, आणि पाळण्यातल्या पोराने म्हणावं तसा म्हणाला. एल्बाने कानावरचा मफ काढला आणि मला विचारलं, हे काय म्हणाला? मी सांगितलं, आमच्यात असं म्हणतात. तिने दोनदा म्हणून पाहिलं. शी. शी. तिचं म्हणणं पडलं की शब्द बरा आहे पण बारीक आहे, याने फक्त केस निघालेली चादर भागेल. त्या दिवसापासून केसांना ‘शी’. निखिलने बटणं राहू दिली आणि ओरडणंही राहू दिलं. पाहुण्यांना तो क्लीन साईडनेच न्यायला लागला आणि वर सांगायचा, सगळं झकास, स्वीट अ‍ॅज. माणूस वाईट नव्हता. नुसता धुतलेला होता.

एल्बाचं काम सुटायचा दिवस आला. ऑफिसने केक आणला. त्यावर निळं क्रीम. ऑफिसमधल्या बाईने भाषण केलं की आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या बाईने डर्टी साईडला कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. एल्बाने केक हुंगला, ‘बा’ म्हणाली आणि बशी ठेवून दिली. ‘बा’ म्हणजे किळस करण्याचीही लायकी नाही. टोंगाच्या बहिणी रडल्या. मी रडले नाही. मला राग आला होता. इतकी वर्षं नाकासमोर उभं राहून, सुटताना आम्हाला तिने फक्त एवढं सांगितलं की आता पहिल्या जागेवर नाक असलेली बाई उभी करा.

एल्बाने खोली रिकामी केली, भांडी वाटून टाकली. मुलगी पाउला दीड तासावरच्या हॅमिल्टनहून तिला विमानतळावर न्यायला आली. ती दुधाच्या कंपनीत नोकरी करते, इथेच वाढली. गाडीत सामान भरताना ती आईला इंग्रजीत विचारत होती की तिकडे आता तुझं आहे काय, आणि एल्बा स्पॅनिशमध्ये उत्तर देत होती. मला दोन्ही नीट कळलं नाही, पण भांडण कळलं. आमच्या घरी तेच चालतं. मग गाडी गेली.

पुढे माझा गुडघा गेला आणि मीही काम सोडलं. थंडी सुरू व्हायच्या सुमारास फोन आला. एल्बा. मला वाटलं चिलीहून. ती हॅमिल्टनमध्ये होती, पाउलाच्या घरामागच्या एका खोलीत. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणाली, मी परत आले, मुलाला सांग गाडी काढायला.

मंदारने मला सोडलं आणि तो युनिव्हर्सिटीकडे कुणा मित्राकडे गेला. एल्बाने केस रंगवणं सोडलं होतं. पांढऱ्या केसांत तिचं नाक आणखी मोठं दिसत होतं. तिने मला हुंगलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. चहा दिला. तो थंड होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली, आणि मग सांगितलं.

ती पोचली त्याच दिवसाची गोष्ट. इनेसने दारात मिठी मारली, स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. इनेस जन्मभर त्याच घरात राहिली. लग्न केलं नाही, आईचं सगळं तिने काढलं. एल्बा बसली तशी ती आत गेली आणि कपाटातून चादरींचा गठ्ठा घेऊन आली. आईने स्वतःच्या हाताने कडा विणलेल्या चादरी. एल्बा येईल त्या रात्री तिला घालायच्या म्हणून इनेसने इतकी वर्षं कुणाला दिल्या नव्हत्या. फितीने बांधलेला गठ्ठा तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, सोड.

एल्बाने गाठ सोडली. नाक पुढे केलं. आतून गोड वास आला.

इथे मला मधेच सांगावं लागेल. घाणीचा वास घाणीसारखा असला की आम्हाला काही वाटत नसे. आमच्या टेबलावर भीती होती ती गोड वासाची. पिकलेल्या जखमेचा वास गोड असतो, फळाच्या दुकानात गेल्यासारखा. असा वास आला की एल्बा नुसती ओरडत नसे, शेजारणीचा हात फटकन बाजूला मारायची. माझ्या मनगटावर तिचे तडाखे बसलेले आहेत.

ते तिथे झालं. टेबल, गाठ, गोड वास. ती यंत्रांवरून आवाज जावा तशी ‘ग्वाकाला’ ओरडली आणि चादरींवर ठेवलेला इनेसचा हात तिने फटकन मारून दूर केला.

त्या गठ्ठ्यात एक फळ होतं. मेम्ब्रियो म्हणतात. पिवळं, मोठ्या पेरूएवढं, वरून लव असलेलं, कच्चं खाता येत नाही. वासाला गोड. ते कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये ठेवायची त्यांच्याकडे रीत आहे. आई ठेवायची, आईच्या मागे इनेस ठेवायची. एल्बा लहानपणी त्या वासातच झोपली होती. तिला ते आठवलंसुद्धा, पण ओरडून झाल्यावर.

मी विचारलं, मग तू तिला सांगितलं नाहीस, लाँड्रीचं? सांगितलं, म्हणाली. जखमा, पिशव्या, सगळं सांगितलं. इनेसने ऐकून घेतलं. मग ती जे म्हणाली ते एल्बाने मला आधी स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं आणि मग इंग्रजीत.

“मी आईची चादर रोज धुतली. ती अंथरुणाला होती तितकी वर्षं. एकदाही माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तू लोकांच्या धुतल्यास, आणि ओरडायला आईच्या चादरीवर आलीस.”

त्यानंतर इनेसने तिला जेवायला वाढलं, पण तिच्याशी बोलली नाही. चादरी घडी करून परत कपाटात. एल्बा मागच्या खोलीत स्वतःची शाल पसरून झोपायची. चुलत भाच्या आल्या, शेजारणी आल्या, सगळ्यांना गोष्ट कळली. परदेशातून आली आणि आईच्या कपड्यांना नाक मुरडलं. थोडे आठवडे तिने काढले. मग पाउलाने तिकीट पाठवलं.

मी तिला म्हटलं, तू मूर्ख आहेस, सगळ्या जगाची घाण तोंडावर घेतलीस आणि एका फळाला हरलीस. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, तोंड दाबून धरायचं होतंस. ती म्हणाली, “शाकू, ते मी म्हटलं नाही. ते निघालं.”

माझ्या हातावर तेल उडालं तर मी ठरवून ओरडते का? मी थंड चहा पिऊन टाकला. मला सगळ्यांचीच किळस आली होती. त्या लाँड्रीची, जिने नाकसुद्धा भाड्याने घेतलं आणि परत करताना दुसरंच दिलं. त्या इनेसची, जिला एका आवाजात बहीण दिसेनाशी झाली. आणि पाउलाची, जी खिडकीतून ओरडून विचारत होती की मॉम, तुम्ही दोघी ओके ना, हवं तर बिस्किटं हीप्स, ढीगभर आहेत.

पुढे दोन थंड्या गेल्या. मी फोन करायचे. ती हवा सांगायची. इनेसचा निरोप नाही, फोन उचलत नाही. मग एकदा एल्बानेच फोन केला. एका चुलत भाचीने इनेसचा निरोप कळवला होता. इनेसची तब्येत आता बरी नसते. निरोप असा होता की चादरी मागच्या खोलीत पलंगावर घातलेल्या आहेत, झोपायचं असेल तर ये. बस. माफ केलं नाही, बोलावलंही नाही. चादरी घातल्या आहेत.

मी म्हटलं, मग जा की. एल्बा म्हणाली, आणि पुन्हा निघालं तर?

त्या उन्हाळ्यानंतर, झाडांची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा, मी तिच्याकडे गेले. हॅमिल्टनमध्ये जुन्या घरांच्या मागे ते मेम्ब्रियोचं झाड असतं. इथे क्विन्स म्हणतात, कुणी खात नाही, खाली पडून सडतात. एल्बा दारोदार जाऊन ती मागून आणत होती. खोलीत शिरले तर वासाने भरलेली. खिडकीत फळं, कपाटात फळं, पलंगावर स्वच्छ पांढरी चादर आणि उशीखाली फळ. चादरीला एक सुरकुती नव्हती. सोफ्यावर मात्र घोंगडी आणि डोक्याचा खळगा पडलेली उशी.

“सोफ्यावर झोपतेस?” मी विचारलं.

“सध्या.”

तिने मला कसं चाललंय ते सांगितलं. रोज संध्याकाळी चादरीला नाक लावते. पहिल्यांदा हात आपोआप मागे यायचा, आता हात राहतो. तोंड अजून ऐकत नाही. मग तिने माझ्यासमोर करून दाखवलं. वाकली, चादर मुठीत धरली, नाक टेकवलं. ओठ आत ओढून घेतले होते. मानेच्या शिरा दिसत होत्या. आवाज आला नाही, पण पोट हललं. ती सरळ झाली. डोळ्यांत पाणी होतं, रडण्याचं नव्हे, ओकारी दाबल्याचं.

मी पण वाकून वास घेतला. मला वास चांगला वाटला. मी तसं सांगितलं.

“तुझ्या नाकाला काय कळतंय,” ती म्हणाली. “तू खोबरेल लावतेस.”

मी विचारलं, तिकीट काढलंस का? काढायचंय, म्हणाली. इनेसला किती दिवस आहेत कुणास ठाऊक, असं मी म्हणाले. गोड बोलता येत नाही मला. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर करतेय. मी म्हटलं, चादर हुंगून काय होणार? तिथे झोपायचंय तुला. आख्खी रात्र. इथे एक दुपार तरी झोपून दाखव. मला वाटलं, पिशवी क्रमांक चार म्हणेल. तिने उशीखालचं फळ आणखी आत सारलं.

मंदारने बाहेर हॉर्न वाजवला. मी निघाले. ती दारापर्यंत आली नाही. गाडी मागे घेताना तिची खिडकी समोर आली, पडदा नव्हता. ती पलंगाच्या कडेवर बसलेली होती. तिने पायातल्या जँडल्स, म्हणजे सपाता, काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मंदार गिअर बदलत होता, त्याला मी थांब म्हटलं. तो म्हणाला, काय विसरलीस का आई? मी नाही म्हटलं. थोडा वेळ बघितलं. ती उठली नाही. तोंडावर हात होता की नव्हता, ते पाठीमागून कळलं नाही.